टमी टक : अपेक्षा आणि वास्तव

बालरोगतज्ज्ञाने पोटाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण असे की, बाळंतपणानंतर स्त्रीची ज्या डॉक्टरांशी सर्वांत अधिक वेळा गाठ पडते ते डॉक्टर तिचे नसून तिच्या बाळाचे असतात. दीड, अडीच, साडेतीन महिने, पुढे नववा महिना, दीड वर्ष असे लसीकरणाचे फेरे चालू असतात. बाळाचे वजन, दूध, दात यांविषयी बोलून झाले की पुष्कळ माता उठता उठता हळूच विचारतात, "बाळ मोठे झाले तरी माझे पोट काही आत जात नाही. लग्नकार्यात कुणीतरी 'पुन्हा दिवस आहेत का?' म्हणून विचारतेच. इंदूरला टमी टक करतात म्हणे, करून घेऊ का?"

धारहून इंदूर सुमारे ६० किलोमीटर आणि देवासहून सुमारे ३५. जाहिराती तर आता हातातल्या मोबाइलवरच येऊन पोहोचतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. त्याला हसून उडवून लावणे योग्य नाही आणि "करून घ्या" असे चटकन सांगणे त्याहूनही योग्य नाही. प्रस्तुत लेखात या शस्त्रक्रियेपासून काय अपेक्षा ठेवावी, काय ठेवू नये आणि विशेषतः लहान मुलांच्या मातांनी कोणता विचार आधी करावा, हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचा काही भाग आपल्या गावी राहून अशा रुग्णांची पुढील देखभाल करणाऱ्या डॉक्टरमित्रांसाठी आहे.

पोट सुटते म्हणजे नेमके काय होते?

पोटाच्या भिंतीचा विचार बाहेरून आत असा थर-थराने करावा. पहिला थर त्वचेचा, दुसरा त्वचेखालील चरबीचा, तिसरा स्नायूंचा आणि त्याच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी हा चौथा. आरशात दिसणारे पोट एकच असले तरी ते या चारपैकी कोणत्या थरामुळे पुढे आले आहे, यावर उपाय अवलंबून असतो.

गरोदरपणात त्वचा ताणली जाते आणि तिचे लवचीक तंतू तुटतात. त्यांचेच व्रण आपण पोटावरील पांढुरक्या रेषांच्या रूपाने पाहतो. त्याचबरोबर पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे उभे सरळ स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. पुष्कळ स्त्रियांत ते आपोआप जवळ येतात, पण सर्वांत नाही. नॉर्वेतील ३०० प्रथम-गर्भवतींच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्नायूंमधील हे अंतर प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि एका वर्षाने ३३ टक्के स्त्रियांत आढळले. म्हणजे निसर्ग आपले काम वर्षभर करीत असतो. त्याला तेवढा अवधी देणे हे पहिले पथ्य होय.

एक सोपी तपासणी घरीही करता येते. पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर-खाली मध्यरेषेवर बोटे ठेवून पाहावीत. दोन बोटांहून अधिक रुंद खाच लागली, किंवा मध्यभागी नौकेच्या पाठीसारखा उंचवटा आला, तर स्नायू विलग झालेले आहेत असे समजावे. उभे असताना पुढे येणारे पोट निजल्यावर सपाट होत असेल, तर दोष बहुधा भिंतीच्या सैलपणाचा असतो. निजल्यावरही ते घुमटासारखे राहत असेल, तर चरबी आत आहे. खोकल्यावर बेंबीपाशी किंवा जुन्या टाक्यांपाशी फुगवटा येत असेल, तर तो हर्निया असू शकतो. त्यासाठी सर्जनकडेच जावे.

बाळंतिणीचे पोट बांधण्याची आपली जुनी पद्धत आहे. पट्ट्याने आधार मिळतो आणि उठता-बसताना बरे वाटते, हे खरे. परंतु त्याने विलग स्नायू जुळतात किंवा चरबी वितळते, याला पुरावा नाही. डिंकाचे आणि मेथीचे लाडूही सव्वा महिन्याचे पथ्य म्हणून ठीक आहेत. वर्षभर चालू राहिले तर ते दुसऱ्या आणि चौथ्या थरात जाऊन बसतात.

थोडा इतिहास

धारमध्ये राहणाऱ्यांना शल्यचिकित्सेच्या कथा नव्या नाहीत. बल्लाळाच्या 'भोजप्रबंध' या ग्रंथात राजा भोजाच्या मस्तकावर संमोहिनी देऊन शस्त्रक्रिया केल्याची आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. मात्र पुण्याची एक हकीकत कागदोपत्री नोंदलेली आहे. १७९२ च्या इंग्रज-टिपू युद्धात इंग्रजांकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या हाती लागला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यात एका पारंपरिक वैद्याने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक दिले. हा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला आणि त्यावरूनच युरोपात ही विद्या पुन्हा रुजली. १९५० च्या दशकात डॉ. नोशिर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात आणि चेहरे पूर्ववत करण्याचे काम केले.

पोटाच्या शस्त्रक्रियेची सुरुवात मात्र पाश्चात्त्य आहे. १८९९ साली अमेरिकेतील बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी लोंबणारी त्वचा व चरबी कापून काढल्याचे वर्णन केले. बेंबी जागच्या जागी राखून ती नव्या छिद्रातून बाहेर आणण्याचे तंत्र १९५७ मध्ये व्हर्नन यांनी मांडले आणि १९६७ मध्ये ब्राझीलच्या इव्हो पिटांगी यांनी ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केल्यावर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली.

शस्त्रक्रियेत काय करतात?

ही शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि तिला दोन ते चार तास लागतात. ओटीपोटावर, अंतर्वस्त्राखाली झाकला जाईल असा, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. तेथून त्वचा व चरबी मिळून होणारा पडदा बरगड्यांपर्यंत मोकळा करतात. विलग झालेले स्नायू त्यांच्यावरील मजबूत आवरणाला वरपासून खालपर्यंत टाके घालून जवळ आणतात. नंतर पडदा खाली ओढून जादा भाग कापून टाकतात, बेंबी नव्या छिद्रातून बाहेर काढतात आणि आत साठणारा द्रव वाहून जावा म्हणून बहुधा दोन ड्रेन ठेवतात. दोष केवळ बेंबीच्या खाली असेल तर लहान छेदाची मर्यादित शस्त्रक्रियाही पुरते.

सिझेरियनचा जुना व्रण बहुतेक वेळा कापलेल्या भागाबरोबर निघून जातो. बेंबीखालच्या रेषाही जातात. बेंबीवरच्या रेषा मात्र राहतात, फक्त खाली सरकतात. आणि या सर्वांच्या बदल्यात एक लांब, कायमचा व्रण मिळतो. हा व्यवहार आधीच समजून घ्यावा.

काय मिळते आणि काय मिळत नाही

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. टमी टक ही पोटाच्या भिंतीची डागडुजी आहे. ती वजनावरचा किंवा मधुमेहावरचा उपाय नाही. ती पहिल्या तीन थरांवर काम करते. चौथा थर, म्हणजे आतली चरबी, तिला स्पर्शही होत नाही. म्हणून ज्यांचे पोट निजल्यावरही घुमटासारखे राहते, त्यांना या शस्त्रक्रियेने फारसा लाभ होत नाही.

यावर एक बोलका अभ्यास आहे. २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये क्लाइन व सहकाऱ्यांनी १५ स्थूल स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लायपोसक्शनने त्यांची त्वचेखालील सुमारे दहा किलो चरबी काढण्यात आली. दहा-बारा आठवड्यांनी तपासले, तर रक्तातील साखर, रक्तदाब, इन्सुलिनचा परिणाम, कोलेस्टेरॉल यांपैकी कशातही सुधारणा नव्हती.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हे अधिकच ध्यानात ठेवावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी प्रसिद्ध केले. दोघांचाही बी.एम.आय. २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या ९.१ टक्के. डॉ. याज्ञिक यांच्याच अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील ३.५ किलोची होती. तरीही आपल्या सडपातळ बाळांत चरबीचे प्रमाण तुलनेने राखलेले होते. म्हणजे ही प्रवृत्ती आपण जन्मतःच घेऊन येतो. म्हणूनच भारतीयांसाठी बी.एम.आय. २३ पासूनच जादा वजन मानतात आणि स्त्रियांनी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ४० टक्के स्त्रियांत पोटाचा स्थूलपणा आढळला. या सर्वांचा उपाय शस्त्रक्रियागृहात नाही. सकाळच्या पोह्यांवरच्या शेवेच्या मुठीपासून आणि संध्याकाळच्या चालण्यापासून त्याची सुरुवात होते.

याचा अर्थ ही शस्त्रक्रिया निव्वळ हौस आहे, असाही नाही. ज्या स्त्रियांचे स्नायू खरोखर विलग झाले आहेत, त्यांना केवळ दिसण्यापलीकडेही लाभ होतो. ऑस्ट्रेलियातील २१४ स्त्रियांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर पाठदुखी आणि खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याची तक्रार, दोन्ही कमी झाल्याचे आढळले. लोंबत्या त्वचेखाली घामाने वारंवार जखमा होणे, बरेच वजन उतरल्यावर उरलेली झोळ, सोबत असलेला हर्निया, ही रास्त कारणे आहेत. आणि आपले शरीर पूर्ववत दिसावे ही स्त्रीची इच्छाही रास्तच आहे. तिला घरच्यांनी नावे ठेवू नयेत.

योग्य वेळ कोणती?

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला येथे सर्वांत अधिक सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट स्तनपानाची. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध आणि पुढे वरच्या अन्नासह दोन वर्षे किंवा अधिक, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पोट सपाट करण्यासाठी बाळाचे दूध लवकर तोडू नये. दूध सुटल्यानंतरही साधारण सहा महिने थांबावे, म्हणजे शरीर आणि वजन स्थिर होते.

दुसरी गोष्ट पुढच्या अपत्याची. शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणा झाली तर ती सहसा सुखरूप पार पडते, पण स्नायू आणि त्वचा पुन्हा ताणली जाऊन केलेले काम वाया जाऊ शकते. म्हणून कुटुंब पूर्ण झाल्यावरच हा विचार करावा.

तिसरी गोष्ट बाळाला उचलण्याची. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये असे सांगतात. आपले वर्षाचे बाळ नऊ-दहा किलोचे असते आणि दोन वर्षांचे सुमारे बारा किलोचे. म्हणजे दीड महिना आईने मुलाला कडेवर घ्यायचे नाही, आंघोळीला उचलायचे नाही, रात्री पाळण्यातून काढायचे नाही. सासूबाई, आई, नणंद किंवा रजा घेतलेले यजमान, यांपैकी कोणी हे सहा आठवडे खरोखर सांभाळणार आहे का, हे आधी ठरवावे. जाहिरातीत ही बाब कधीच नसते. मूल समजण्याजोगे असेल तर "आईच्या पोटाला बाऊ झाला आहे, आपण शेजारी बसून गोष्ट ऐकू" असे त्याला आधीपासून सांगून ठेवावे. आईने पलंगावर नीट बसावे, पोटासमोर उशी धरावी आणि मुलाला दुसऱ्याने शेजारी आणून बसवावे. स्पर्श तुटू देऊ नये, केवळ उचलणे टाळावे.

चौथी गोष्ट, शरीराची तयारी. वजन निदान सहा महिने स्थिर असावे. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा हिमोग्लोबिन आधी सुधारावे. साखर व रक्तदाब आटोक्यात असावेत. विडी, सिगारेटच नव्हे, तर तंबाखू, गुटखा आणि मिश्रीही शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद ठेवावी. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ताणलेल्या त्वचेचा काही भाग काळा पडून मरतो. घरातील स्त्री मिश्री लावते, हे पुष्कळदा डॉक्टरांना सांगितलेच जात नाही. गर्भनिरोधक गोळ्या आणि नेहमीची औषधे यांचीही सर्जनला कल्पना द्यावी.

आणि याआधी सहा महिने ते वर्षभर, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने पोटाच्या खोल स्नायूंचे व्यायाम प्रामाणिकपणे करून पाहावेत. अनेकींना तेवढ्यानेच समाधान मिळते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

रुग्णालयात बहुधा एक ते तीन दिवस राहावे लागते. दुसऱ्याच दिवशी चालवतात, कारण पडून राहिल्याने पायात गुठळ्या होण्याचा धोका असतो. पहिला एक ते दोन आठवडे कमरेत वाकूनच चालावे लागते आणि निजताना गुडघ्यांखाली उशी घ्यावी लागते. ताठ उभे राहण्याची घाई करू नये. ड्रेन साधारण आठवडाभरात, द्रव कमी झाल्यावर काढतात. पोटाचा पट्टा चार ते सहा आठवडे वापरतात. बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी सुरू करता येते. स्कूटी चालविणे आणि व्यायाम सर्जनच्या परवानगीनेच, व्यायाम बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी.

सूज तीन महिन्यांपर्यंत राहू शकते आणि संध्याकाळी अधिक वाटते. त्यामुळे पहिल्या महिन्यात आरशावरून निर्णय देऊ नये. ओटीपोटाची त्वचा काही महिने बधिर असते, काही भाग कायमही बधिर राहू शकतो. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपल्याकडे दुखले की शेकण्याची सवय आहे. बधिर त्वचेवर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास चटका कळतच नाही आणि खोल भाजते. शेक पूर्णपणे टाळावा. व्रण पहिले काही महिने लालसर, जाडसर असतो आणि वर्ष-दीड वर्षात फिका होतो. आपल्या वर्णाच्या त्वचेत व्रण काळसर किंवा जाड होण्याची प्रवृत्ती अधिक असते. पूर्वी कान टोचल्यावर किंवा जखमेवर गाठ आली असेल तर ते आधीच सांगावे.

धोके

अमेरिकेतील २००८ ते २०१३ या काळातील पंचवीस हजारांहून अधिक टमी टकच्या नोंदींत मोठी गुंतागुंत सुमारे ४ टक्के रुग्णांत आढळली. इतर सौंदर्यशस्त्रक्रियांत हे प्रमाण १.४ टक्के होते. एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया जोडल्या की धोका वाढतो. "एकाच भुलीत सगळे उरकून घेऊ" हा हिशेब म्हणूनच महाग पडू शकतो. त्वचेखाली द्रव साठणे ही सर्वांत नेहमीची अडचण. त्याखेरीज रक्त साठणे, जंतुसंसर्ग, जखम उसवणे, त्वचा मरणे या संभवतात. सर्वांत गंभीर धोका पायातील गुठळी फुप्फुसात जाण्याचा. तो विरळा आहे, पण प्राणघातक ठरू शकतो. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका २१ वर्षांच्या दूरचित्रवाणी अभिनेत्रीचा मृत्यू झाला. ती शस्त्रक्रिया टमी टक नव्हती. तरीही सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणजे किरकोळ शस्त्रक्रिया नव्हे, एवढे त्यावरून समजावे.

डॉक्टरमित्रांसाठी चार शब्द

शस्त्रक्रिया इंदूरला होते आणि रात्री अकरा वाजता दार वाजते ते धार किंवा देवासच्या डॉक्टरांचे. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात.

१. धाप, छातीत दुखणे, जलद नाडी किंवा ऑक्सिजन कमी होणे, हे गॅस वा घबराट म्हणून सोडू नये. फुप्फुसातील गुठळी नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असेच मानावे. शस्त्रक्रियेनंतर डी-डायमर तसाही वाढलेला असतो, निदान सी. टी. अँजिओग्राफीने होते. रुग्णाला एकटे, खासगी मोटारीत न पाठवता ऑक्सिजनसह पाठवावे.

२. एका पोटरीला सूज आणि दुखणे असल्यास चोळू देऊ नये. डॉपलर करावे.

३. पोटावर पाणी हलल्यासारखी लाट जाणवली तर द्रव साठला आहे. तेथे पात्याने छेद घेऊ नये. सर्जनशी बोलून निर्जंतुक सुईने तो काढावा.

४. ताप, दुर्गंधी स्राव, छेदाच्या मध्यभागी काळी पडणारी त्वचा दिसताच त्याच दिवशी सर्जनला कळवावे.

रुग्णानेही पहिला आठवडा शक्यतो इंदुरातच, रुग्णालयाजवळ मुक्काम करावा आणि परतीच्या प्रवासात मध्ये उतरून थोडे चालावे.

सर्जनची निवड आणि खर्च

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एम. सीएच. किंवा समकक्ष राष्ट्रीय बोर्डाची पदवी असावी आणि राज्य वैद्यक परिषदेकडे तिची नोंद असावी. केवळ "कॉस्मेटिक" अशी पाटी पुरेशी नाही. भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय आणि अतिदक्षता विभाग कोठे आहे, हे विचारण्यात संकोच करू नये. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही, आणि ज्या रुग्णाला गरज नाही तिला तो नकारही देतो.

अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज यांखेरीज सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. अशा शस्त्रक्रियेवर वस्तू व सेवा कर लागतो, याचीही कल्पना असावी. खर्चाचा संपूर्ण अंदाज, गुंतागुंत झाल्यास लागणाऱ्या उपचारांसह, लेखी घ्यावा. हर्निया असल्यास त्या भागापुरती विम्याशी आधी चौकशी करावी.

शेवटी

ज्या मातेचे अपत्यसंगोपनाचे पहिले पर्व पूर्ण झाले आहे, वजन स्थिर आहे, स्नायू खरोखर विलग आहेत, घरात सहा आठवडे मुलाला सांभाळणारे हात आहेत आणि जिला त्या लांब व्रणाची कल्पना आहे, तिने योग्य सर्जनकडून ही शस्त्रक्रिया निःसंकोचपणे करून घ्यावी. तिला त्यातून समाधान मिळण्याची शक्यता चांगली आहे. ज्यांचा प्रश्न वजनाचा आहे त्यांनी आपला वेळ आणि पैसा आहार व व्यायामाकडे वळवावा. ज्यांचे बाळ अजून अंगावर पीत आहे त्यांनी थांबावे. पोटाची शस्त्रक्रिया चार वर्षांनीही होऊ शकते, अंगावर पाजण्याचे दिवस मात्र परत येत नाहीत.

आणि समाजातील वडीलधाऱ्या मंडळींना एक विनंती. समारंभात भेटलेल्या लेकी-सुनांना पोटाकडे पाहून प्रश्न विचारण्याऐवजी "तू कशी आहेस? झोप होते का?" असे विचारावे.